सत्तेचाळीस टन

नान्निंगमध्ये मार्चात भिंतींना घाम फुटतो.
दक्षिणेकडून ओला वारा येतो, थंड फरशीवर बसून राहतो,
आणि प्रयोगशाळेच्या फळ्यावरचं काहीच
दुपारपर्यंत टिकत नाही.
म्हणून नोंगबाई आकडे तळहातावर लिहितात.

इथे यायच्या आधी त्या पुलावर होत्या.
दरीवरची लाल कमान, पोलादी नळ्यांची,
नळ्यांत खालून वर दाबत नेलेलं काँक्रीट;
आणि या, कमरेला दोर, हातात अर्ध्या किलोची हातोडी,
सव्वीस वर्षं ठोकत फिरल्या, एकच विचारत:
आहेस का?
भरलेली नळी ठक् म्हणते नि गप्प होते.
पोकळ नळी बोलतच राहते.
उजवा कान तिथेच राहिला. गुडघेही.

आज दोन नमुने, दिसायला जुळे.
वीतभरापेक्षा थोडी कमी रुंद नळी, चार मिलिमीटर जाड,
उंची माझ्या गुडघ्याइतकी.
मी दोघांना चुन्याचा हात दिला;
पोलाद सरकू लागलं की चुना आधी सांगतो.
कागदावर हिशेब मांडला:
सत्तर टन नळीचे, सत्त्याण्णव आतल्या काँक्रीटचे.
एकशे सदुसष्ट. शाळेतली बेरीज.

सतरा नंबर.
बाईंनी डावा कान लावून ठोकलं. "आहे."
यंत्र खाली आलं.

सुरुवातीला दोघांचं पटत नाही.
भाराखाली पोलाद अंगाने जास्त फुगतं, काँक्रीट कमी,
नळी आपल्याच माणसापासून
केसाच्या हजाराव्या भागाने दूर सरू पाहते.
शंभर टन. एकशे तीस.
मग आतल्या आत काँक्रीट तडकू लागतं, बारीक,
तव्यावर तीळ तडतडावेत तसं,
तडकतं म्हणून पसरतं,
पसरतं म्हणून टेकतं,
आणि नळी कंबर कसते.
तिला आत दुमडायचं होतं खरं तर. आता जागा नाही.

चुना तिरक्या रेघांनी गळू लागला.
एकशे सदुसष्ट मागे पडले. एकशे नव्वद. दोनशे.
दोनशे चौदावर काटा दमला,
पण पडला नाही.
खांबाचं पोट सुटलं, तळाशी हत्तीचा पाय झाला,
आणि तो उभाच.
बाईंनी डबा उघडला: तांदळाच्या शेवया, आंबवलेले बांबूचे कोंब.
तो वास यंत्राच्या तेलावर मात करून वर चढला.
त्यांचं जेवण होईतो
सतरा नंबर भार धरून राहिला.

अठराचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.
ओतताना आतून प्लास्टिक गुंडाळलं होतं, नंतर ओढून काढलं.
दोन मिलिमीटर फट, चहूबाजूंनी. वर झाकण.
त्यांनी ठोकलं. फिरून पलीकडून ठोकलं.
"घरात माणूस आहे," म्हणाल्या,
"दार उघडत नाही."

एकशे साठ.
बेरजेच्याही सात खाली.
आधी आतला एकटा कोसळला, मागून नळी एकटी चुरगळली.
तेच पोलाद, तेच सिमेंट, एकाच सकाळी ओतलेलं.

मी सतराच्या आकड्यातून बेरीज वजा केली.
सत्तेचाळीस टन उरले.
नळीच्या खात्यात नाहीत, काँक्रीटच्या खात्यात नाहीत,
आणि तक्त्यात रकाने दोनच.
बाईंना विचारलं, हे कुणाच्या नावावर घालू?
त्या हातोडी पुसत होत्या.
"फट सापडली की आम्ही भोक पाडून राळ भरायचो.
उन्हाळ्यात नळी तापली की परत सुटायची.
परत चढायचं."
एवढंच. मला वाटलं ऐकू आलं नसावं.

संध्याकाळी सतराला उभी चीर दिली, पोलादाची साल सोलली.
आतलं काँक्रीट क्षणभर खांबासारखं उभं राहिलं,
मग बाईंनी बोट लावलं
आणि ते रव्यासारखं ओघळून फरशीवर पसरलं.
"हे?" मी म्हणालो. "यानं दोनशे चौदा टन?"

त्यांनी तळहात दिव्याखाली धरला.
घामानं सगळं निळं झालं होतं.
"किती म्हणालास?" त्यांनी विचारलं,
आणि डावा कान माझ्याकडे केला.